रोज दहाच्या दहा

मोतीरामकाका गांगुर्डे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याशी भांडतानाच. २००२ साल होतं. नाशिकरोडला बिटको चौकाजवळ मी नुकताच सायबर कॅफे टाकला होता. सहा संगणक, एक कुरकुरणारा पंखा आणि दारावर भलीमोठी पाटी. शेजारच्या पत्र्याच्या टपरीत काकांचा धंदा होता. त्यांची पाटी माझ्या पाटीहून पंधरा-सोळा वर्षांनी जुनी: 'छोट्या जाहिराती स्वीकारल्या जातील'. माझी पाटी त्यांच्या पाटीवर सावली पाडते, अशी तक्रार घेऊन ते आले. मी म्हटलं, "काका, तुमच्या पाटीवर इतकी धूळ आहे की तिच्यावर सावली पडली काय, न पडली काय." ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र पाटी ओल्या फडक्याने लख्ख पुसलेली दिसली. तेव्हापासून आमचं जमलं.

काका मूळचे चांदवडचे. दहावीत गणिताने दगा दिल्यावर नाशिकरोडला आले, एका पेपरच्या एजंटाकडे गठ्ठे उचलायला लागले आणि चार-पाच वर्षांत स्वतःची टपरी टाकून बसले. नव्वदच्या दशकात त्या टपरीसमोर रांग लागायची म्हणे. वधू पाहिजे, वर पाहिजे, नोकर पाहिजेत, नावात बदल, कागदपत्रं हरवली, कोणी मेलं, कोणी मेल्याला वर्ष झालं, सगळं काकांच्या हातून पेपरात जायचं. शब्दाला पैसे पडायचे, म्हणून काका गिऱ्हाईकाचे शब्द कापायचे. 'सुस्वभावी, मनमिळाऊ, प्रेमळ' असं कोणी लिहून आणलं की म्हणायचे, "तिन्हीचा अर्थ एकच हे. एक ठेवा, दोनाचे पैसे वाचवा." आपलं कमिशन कमी होतंय याचं त्यांना काही वाटत नसे. असा माणूस श्रीमंत कसा होणार?

त्यांचा एक रिवाज होता आणि त्यावर त्यांची सगळी अब्रू उभी होती. जाहिरात ज्या दिवशी छापून येईल त्या दिवशी सकाळी दोन अंक घ्यायचे आणि दोन कात्रणं कापायची. एक स्वतःच्या जाडजूड रजिस्टरात चिकटवायचं. दुसरं सायकलवरून गिऱ्हाईकाच्या घरी नेऊन द्यायचं, आणि रजिस्टरातल्या कात्रणाशेजारी त्याची सही घ्यायची. "छापलेलं दाखवलं नाय, तर घेतलेला रुपया हरामाचा," असं ते म्हणत. पावसापाण्यात, तापात, अगदी सख्ख्या बहिणीच्या लग्नाच्या दिवशीही त्यांनी कात्रण पोचवल्याचं मी ऐकलंय. रजिस्टरात एकही सही बाकी नव्हती.

पण त्यांची खरी हुशारी होती ती जाहिरात कुठे द्यायची हे ठरवण्यात. विंचूरचे केरू म्हणून एक शिंपी १९९६ मध्ये बायकोशी भांडून निघून गेले होते. घरचे म्हणाले, मुंबईच्या मोठ्या पेपरात द्या. काकांनी विचारलं, "मुंबईत त्यांचं हे कोण?" कोणी नव्हतं. मग ते म्हणाले, "शिंपी माणूस सुरतेला जाईल." आणि सुरतच्या एका गुजराती पेपरात, सिनेमाच्या वेळा छापतात त्या पानावर, केरूंचा फोटो दिला. कारखान्यातली माणसं सुट्टीच्या दिवशी दुसरं कुठलं पान उघडतात? नवव्या दिवशी केरू विंचूरला हजर. खिशात ते कात्रण. ही गोष्ट काकांनी मला निदान तीस वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी शेवटी तेच वाक्य: "ताई, जाहिरात माणसाला शोधत नाय. माणूस जिथं बसतो तिथं जाऊन बसते."

२००५ नंतर टपरी ओस पडायला लागली. दुपारी काका माझ्याकडे येऊन बसायचे. मी त्यांना पेपर संगणकावर उघडून द्यायची. बाकीची गिऱ्हाईकं बातमी वाचायची, काका बातमीच्या बाजूला बघायचे. एक दिवस त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "हा जो चौकोन हे ना, यातली जाहिरात कोणी बुक केली?"

माझ्याकडे रोज शंभर माणसं यायची. असा प्रश्न कोणी कधी विचारला नव्हता. मला उत्तर माहीत नव्हतं, आणि ते कबूल करणं माझ्या स्वभावात नाही. म्हणून रात्रभर वाचलं आणि दुसऱ्या दिवशी काकांना शिकवलं. एक बडी कंपनी आहे. ती दुसऱ्यांच्या वेबसाइटवरचे हे चौकोन विकते. वेबसाइट तिसऱ्याची, जाहिरात आपली, मधली दलाली कंपनीची. कुठल्या वेबसाइटवर लावायची, कुठल्या शहरातल्या लोकांना दाखवायची, किती ते किती वाजेपर्यंत, हे सगळं आपण ठरवायचं. जाहिरात नुसती दिसली तर पैसे नाहीत. कोणी तिच्यावर क्लिक केलं की पैसे कापले. दिवसाला किती क्लिकचे पैसे मोजायचे ती मर्यादाही आपणच घालायची. ती भरली की जाहिरात त्या दिवसापुरती गायब, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

"नुसती बघून गेला तर फुकट?" काकांनी विचारलं.

"फुकट."

"येडेच हेत मग," ते म्हणाले. पण डोळे चमकत होते. "म्हणजे माझाच धंदा हे हा. टपरी तेवढी मोठी."

पहिली जाहिरात आम्ही विंचूरच्या पुंजाराम नावाच्या बारदानवाल्याची केली. मी हट्टाने ती सिनेमाच्या गाण्यांच्या साइटवर लावली, कारण तिथे गर्दी फार. क्लिक भरपूर आले, गोणी एक विकली गेली नाही. काका माझ्याकडे बघून मिशीत हसले. मग त्यांनी ती बाजारभावाच्या साइटवर हलवायला लावली. आठवड्यात इंदूरहून दोन व्यापाऱ्यांचे फोन आले. त्या दिवसापासून कुठली साइट ते काका सांगायचे आणि बटणं मी दाबायची. असं दोन-तीन वर्षं बरं चाललं.

काकांना खटकायची ती एकच गोष्ट. कात्रण नाही. "गिऱ्हाईकाला दाखवायचं काय?" ते सारखं म्हणत. त्यावर त्यांनी तोडगा काढला होता. गिऱ्हाईकालाच कॅफेत आणायचं, ती साइट उघडायची, चौकोनात त्याची जाहिरात आली की दाखवायची आणि सही घ्यायची. पुंजारामला त्यांनी विंचूरहून एसटीने बोलावलं होतं.

२००८ च्या ऑगस्टमध्ये भिकन पगारे आणि लताबाई काकांकडे आले. जेलरोडच्या मागच्या वसाहतीत राहायचे. भिकनभाऊ एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कामाला. त्यांचा मुलगा रवी, तेवीस वर्षांचा, महिन्यापूर्वी घर सोडून गेला होता. पोलिसांत तक्रार झाली होती, दोन पेपरांत फोटोशिवाय छोटी जाहिरातही काकांनीच दिली होती. काही उपयोग झाला नव्हता. काका त्यांना घेऊन माझ्याकडे आले.

"झालं काय ते ताईंना सांगा," काका म्हणाले.

भिकनभाऊंनी लताबाईंकडे बघितलं. लताबाईंनी सांगितलं. रवी आयटीआय झाला होता. भरतीच्या लेखी परीक्षा देत होता. "डोकं चांगलं हाय त्याचं, पण वाचायला येळ लागतो. ओळीखाली बोट धरून वाचतो. निम्मा पेपर ऱ्हातो मग." दोनदा नापास झाला. तिसऱ्यांदा घरी येऊन म्हणाला, झालो पास. भिकनभाऊंनी वसाहतीत घरोघर पेढे वाटले, केंद्रात वाटले, विहारात वाटले. पंधरा दिवसांनी खरं बाहेर आलं. रवीचं नाव यादीत नव्हतंच.

"मी मारलं नाय त्याला," भिकनभाऊ एकदम म्हणाले. "शिवी पण नाय दिली. एवढंच म्हणलो, आता लोकांना काय तोंड दाखवू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रवी गेला.

"बरोबर काय नेलं?" काकांनी विचारलं.

"कपडे दोन. आन् सर्टिफिकिटांची फायल."

काका खुर्चीत ताठ बसले. "फाइल नेली? मग वहिनी, तुमचा पोरगा जीव द्यायला गेलेला नाय. नोकरी शोधायला गेलेला हे." लताबाई तोवर रडल्या नव्हत्या. ते ऐकून रडल्या.

आणि कुठे द्यायची तेही त्या वाक्यातच ठरलं. भरतीच्या बातम्या देणाऱ्या चार साइट काकांनी निवडल्या. नोकरी शोधणारं पोरगं सायबर कॅफेत बसलं की ज्या उघडतं, त्याच. चौकोनात रवीचा छोटा फोटो आणि 'रवी पगारे, घरचे वाट पाहतात'. त्यावर क्लिक केलं की एक पान उघडणार. ते पान मी बनवलं. वर रवीचा मोठा फोटो, काकांनी पोलिसांकडून तासाभरासाठी मागून आणलेल्या त्याच्या आयटीआयच्या ओळखपत्रावरून स्कॅन केलेला. खाली चार ओळी, फोन नंबर, आणि तळाशी 'घरचा फोटो' म्हणून एक बटण. ते दाबलं की आई, बाप आणि धाकटी रोहिणी दारात उभे दिसायचे. चार ओळी काकांनी लिहिल्या. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द कापलेल्या माणसाने त्या ओळींना दोन दिवस लावले:

रवी, पेढ्यांचं कोणी काही बोलत नाही.
बाबा म्हणतात, तोंड दाखवायचं ते तू दाखव.
फोन कर. बोलायचं नसलं तर बोलू नको,
नुसता कर. आई.

मग शहरं. पुणे, मुंबई, ठाणे, औरंगाबाद, सुरत, वापी. शेवटी काका म्हणाले, "नाशिक."

मी म्हटलं, "नाशिक कशाला? तो इथे असता तर घरी नसता आला? उगाच वाया जाईल."

"आन् वहिनींना कशी दिसल?"

"काका, जाहिरात रवीसाठी आहे."

"दिसली नाय तर ती गिऱ्हाईकानं खरी कशी मानायची?" ते म्हणाले. आवाज चढला होता. पुंजारामला बोलावून दाखवायचं, बहिणीच्या लग्नादिवशीही कात्रण पोचवायचं, आणि या बाईला म्हणायचं विश्वास ठेवा? मी नाशिकवर खूण केली. त्या दिवशी कॅफेत गर्दी होती आणि मला वाद वाढवायचा नव्हता. माझ्याकडे याहून मोठं कारण नाही.

वेळ ठरली सकाळी दहा ते रात्री आठ. रात्री पोरं कॅफेत नसतात, मग पैसे कशाला घालवा, हेही काकांचंच डोकं. मर्यादा दिवसाला दहा क्लिक. भिकनभाऊंना त्याहून जास्त झेपण्यासारखं नव्हतं.

पहिल्या दिवशी दहाच्या ठोक्याला लताबाई आल्या. काकांनी भरतीची साइट उघडली. उजव्या बाजूच्या चौकोनात रवी होता. काकांनी त्यांना माउस धरायला शिकवलं. "हितं दाबायचं, वहिनी." त्यांनी दाबलं आणि स्क्रीनभर रवीचा चेहरा आला. घरात त्याचा फोटो तेवढाच, आणि ते ओळखपत्र तक्रारीच्या वेळीच पोलिसांनी नेलं होतं. महिनाभर त्यांनी लेकाचं तोंड फोटोतही पाहिलेलं नव्हतं. त्यांनी काचेवरून हात फिरवला. मी एरवी स्क्रीनला हात लावणाऱ्या गिऱ्हाईकांवर खेकसते. त्या दिवशी काउंटरमागे जाऊन उगाच पावत्या चाळत बसले.

काकांनी रजिस्टर पुढे केलं नाही. म्हणाले, "सही आत्ता नाय. चालू हे तोवर नाय. पुरी झाली, रवी आला, की एकदाच."

त्यानंतर लताबाई रोज यायच्या. दहाला. हळूहळू वसाहतीतल्या बाया सोबत यायला लागल्या. महिला मंडळाच्या कुसाबाई, आणखी चार-पाच जणी. काही माझ्याकडे बसायच्या, काही जेलरोडच्या दुसऱ्या एका कॅफेत जायच्या. मी कोपऱ्यातला संगणक त्यांना फुकट दिला होता. माझ्या या उदारपणाचं मला फार कौतुक वाटायचं. बाईला धीर म्हणून येतात, असं मला वाटे, आणि मला खरंच भरून यायचं.

रोज संध्याकाळी मी आकडा बघायची. दहापैकी दहा. दुसऱ्या दिवशी, दहापैकी दहा. पुंजारामच्या जाहिरातीला कधी असा प्रतिसाद नव्हता. मी काकांना ओरडून सांगायची, "काका, आजही दहाच्या दहा!" काका टपरीतून हात वर करायचे. लताबाईंना आम्ही सांगितलं, रोज दहा जण रवीची जाहिरात उघडून बघतात. त्यांच्या तोंडावर हसू आलं. पुढे जाऊन रिपोर्टातली शहरं बघावीत, वेळा बघाव्यात, हे मला एकदाही सुचलं नाही. दहा भरतायत ना, मग झालं.

दसऱ्याला वसाहतीतल्या बाया नागपूरला दीक्षाभूमीवर गेल्या. दर वर्षी जात. लताबाई जायला तयार नव्हत्या, कुसाबाई त्यांना ओढूनच घेऊन गेल्या. तीन दिवस कोपऱ्यातला संगणक रिकामा होता. त्या तीन दिवसांत आकडा पडला. सहा, पाच, सात. काका काळजीत पडले. मी त्यांना समजावलं, "सणाचे दिवस आहेत काका, लोक नेटवर नसतात." बाया परत आल्या आणि आकडा पुन्हा दहाच्या दहा झाला. काकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मला आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. तुमच्या जाहिरातीवर एकाच ठिकाणाहून वारंवार संशयास्पद क्लिक होत आहेत, म्हणून खातं बंद करत आहोत. मी आधी कंपनीला शिव्या दिल्या. मग पहिल्यांदा तो रिपोर्ट पूर्ण उघडला.

नाशिक. नाशिक. नाशिक. दहा वाजून दोन मिनिटं, चार मिनिटं, पाच मिनिटं. अडीच महिने रोज दहा ते साडेदहाच्या आत दहा क्लिक पुरे, आणि जाहिरात दिवसभरासाठी गायब. पुण्याचा, सुरतचा, मुंबईचा एखादाच चुकार क्लिक. नोकरी शोधणारी पोरं अकरा-बारा वाजता कॅफेत येऊन बसत असतील, तेव्हा त्या चौकोनात साबण नाहीतर मोटारसायकल असायची.

मी तशीच वसाहतीत गेले. कुसाबाईंना एकटीला गाठून विचारलं, तुम्ही सगळ्या तिथे काय करत होतात? त्यांनी सरळपणे सांगितलं. "दाबत होतो की. जेवढ्या जणी दाबतील तेवढी ती फुडं जाईल ना? नळाच्या अर्जाला सव्वाशे सह्या झाल्या तवा नळ आला. पोरासाठी एवढं नाय करायचं?"

मी आल्या पावली कॅफेत परतले.

काकांना मी रिपोर्ट दाखवला. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली. मग मला नागपूरचे तीन दिवस दाखवायला सांगितले. ते तीन दिवस जाहिरात सकाळपासून रात्रीपर्यंत चालली होती. ठाणे, पुणे, सुरत. बहुतेकांनी पान उघडून दोन-तीन सेकंदांत बंद केलेलं. माझ्या पानाला मोजणी लावलेली होती, तीत सगळं दिसायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी बारा चाळीसला वापीहून एक क्लिक होता. तो माणूस चार ओळींच्या त्या पानावर अकरा मिनिटं थांबला होता. आणि अकराव्या मिनिटाला त्याने 'घरचा फोटो' उघडला होता. अडीच महिन्यांत त्याच्याखेरीज नाशिकबाहेरच्या कोणीही ते बटण दाबलेलं नव्हतं.

"त्याच्या दुसऱ्या दिवशी?" काकांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी बाया परत आल्या होत्या. दहा वाजून सतरा मिनिटांनी दहा क्लिक पूर्ण.

काकांनी चष्मा काढला. "नाशिक मी टाकायला लावलं," ते म्हणाले. मी म्हटलं, आपण दोघांनी. त्यांनी मान हलवली, आणि ती मान्य केल्यासारखी नव्हती.

मी म्हटलं, लताबाईंना सांगायला हवं. त्यावरून आमचं सहा वर्षांतलं सगळ्यात मोठं भांडण झालं. "काय सांगता? लेकाला बोलवायला लावलेली जाहिरात तुम्हीच रोज सकाळी पुसत होता, असं? जगतील का त्या?" ते माझ्यावर पहिल्यांदाच असे ओरडले. आणि मग हात जोडले. मी गप्प बसले. बरोबर केलं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

काकांनी स्वतःच्या नावाने नवं खातं उघडायला लावलं, स्वतःच्या खिशातून. शहरं दोनच, वापी आणि सुरत. नाशिक नाही. जाहिरात सुरू झाली, आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता लताबाई माझ्या कॅफेत.

भरतीची साइट उघडली. चौकोनात गोरं करणारं क्रीम. पुन्हा उघडली. क्लासची जाहिरात. त्यांनी मला विचारलं, मी काकांना बोलावलं.

"चालू हे वहिनी," काका म्हणाले. "लांबच्या गावात दिसते आता. हितं दिसत नाय."

"आतापतोर दिसत व्हती की."

"आता नाय दिसत."

मी घाईघाईने माझं ते पान थेट उघडून दिलं. रवीचा मोठा फोटो आला. लताबाईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "हे तर तुमच्या मशिनीत हाय. त्या नोकऱ्यांच्या पानावर दाखवा." अडीच महिन्यांत काकांनीच त्यांना हा फरक शिकवला होता.

आठ दिवस त्या रोज आल्या. नवव्या दिवशी भिकनभाऊ आणि कुसाबाई बरोबर होते. चौकातली आणखी दहा माणसं जमली. लताबाई काकांच्या टपरीसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "तुम्हीच म्हणला व्हता ना, दाखवलं नाय तर तो रुपया हरामाचा? मंग दाखवा. नायतर म्हना, बंद केली."

मला वाटलं, आता तरी काका बोलतील. एक वाक्य पुरलं असतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते रजिस्टरावर हात ठेवून उभे होते. "दाखवता येत नाय, वहिनी," एवढंच म्हणाले.

"फसवलं तुम्ही आमाला," लताबाई म्हणाल्या, आणि निघून गेल्या.

त्यानंतर वसाहतीतून काकांकडे कोणी आलं नाही. स्मृतिदिनाच्या जाहिरातीसुद्धा लोक जेलरोडच्या एजंटाकडे द्यायला लागले. काका वापीची जाहिरात मार्चपर्यंत चालवत राहिले. रोज संध्याकाळी विचारायचे, "कोणी थांबलं का?" मी शहर, वेळ, सेकंद वाचून दाखवायची. दोन सेकंद. चार सेकंद. एकदा चाळीस. अकरा मिनिटं पुन्हा कोणी थांबलं नाही.

जून २००९ मध्ये त्यांनी टपरी बंद केली आणि चांदवडला भावाकडे गेले. जाताना रजिस्टर माझ्या काउंटरवर ठेवलं. "चांदवडला कशाला नेऊ? सगळ्या सह्या हितल्याच हेत." पाटी मात्र पिशवीत घालून घेऊन गेले.

त्याच वर्षी डिसेंबरात लताबाई माझ्या दारात उभ्या राहिल्या. रोहिणीचा नर्सिंगचा फॉर्म भरायचा होता. मी भरला. प्रिंट निघेपर्यंत त्या टपरीच्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या.

"मॅडम, खरं सांगा," त्या म्हणाल्या. "ती कोणी पाहिली तरी व्हती का?"

मी रजिस्टर काढलं. शेवटच्या पानावर, जिथे कात्रण असायचं, तिथे काकांनी रिपोर्टातली एक ओळ कापून चिकटवली होती. शेजारचा सहीचा रकाना रिकामा होता. अख्ख्या रजिस्टरात तेवढा एकच. मी ती ओळ त्यांना वाचून दाखवली. वापी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बारा चाळीस. एका माणसाने उघडली, आणि शेवटी घरचा फोटो पाहिला.

"किती येळ पाहिली?"

"अकरा मिनिटं."

"चार ओळींना?"

"हो."

लताबाई खुर्चीत बसल्या. "मंग त्योच," त्या म्हणाल्या. "त्याला येळ लागतो वाचायला." त्यांनी माझ्यासमोर हात पुढे केला. मला आधी कळलं नाही. मग मी पेन दिलं. त्यांनी त्या रिकाम्या रकान्यात सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली. "मोतीरामभाऊंना सांगा, सही झाली म्हणून. मी लय बोलले त्यांना."

मी मान हलवली. त्यांनी रोहिणीचा फॉर्म घडी करून पिशवीत ठेवला, उठल्या, आणि दारापाशी थांबल्या.

"मॅडम, एवढा येळ थांबला म्हंजे फोन करायचं मनात आसंल त्याच्या. त्या दिवशी धीर झाला नसंल. दुसऱ्या दिवशी परत आला आसंल ना बघायला?"

रजिस्टर माझ्यासमोर उघडंच होतं. दुसऱ्या दिवशी दहा वाजून सतरा मिनिटांनीच जाहिरात गायब झाली होती.

"आला असेल," मी म्हटलं.

त्या हसल्या, आणि पायऱ्या उतरून गेल्या.